जबाबदार वन्यजीव पर्यटन आणि व्याघ्रसंवर्धन : ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

वन्यजीव पर्यटनामुळे व्याघ्रसंवर्धनास हातभार लागतो, हे विधान शासकीय धोरणात, पर्यटन व्यवसायात आणि निसर्गप्रेमींच्या लेखनात सर्रास आढळते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या संदर्भात या विधानाची चिकित्सा केली आहे. पर्यटनाचा संवर्धनाला उपयोग होतो, परंतु तो आपोआप होत नाही. प्रवेशशुल्काचा पैसा कोठे जातो, निर्णय कोण घेतो आणि वाघाच्या सान्निध्याची जोखीम कोण पत्करतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तो अवलंबून असतो. व्याघ्रदर्शनाची हमी किंवा पर्यटकांची संख्या यांवरून पर्यटनाची जबाबदारी मोजता येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : व्याघ्रसंवर्धन, जबाबदार पर्यटन, सफारी, गाभा क्षेत्र, बफर क्षेत्र, मानव-वन्यजीव संघर्ष.

१. प्रस्तावना

ताडोबा तलावाच्या काठी तारू या देवाचे ठाणे आहे. तारू हा गोंड समाजातील एक गावप्रमुख होता, वाघाशी झुंजताना त्याला मृत्यू आला आणि पुढे तो देवरूपाने पूजला जाऊ लागला, अशी आख्यायिका सांगितली जाते. पौष महिन्यात तेथे यात्रेची परंपरा आहे. ‘ताडोबा’ हे नाव या तारूवरूनच आले असे मानले जाते. आज देशातून आणि परदेशांतून येणारा पर्यटक ‘ताडोबा’ हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वाघ उभा राहतो. नाव मात्र वाघाचे नाही. ते वाघाच्या शेजारी राहिलेल्या आणि त्या शेजाराची किंमत प्राणाने मोजलेल्या माणसाचे आहे.

या दोन अर्थांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गेल्या दोन दशकांत ताडोबा हे भारतातील व्याघ्रपर्यटनाचे एक अग्रगण्य ठिकाण झाले. त्याच काळात चंद्रपूर जिल्हा मानव-व्याघ्र संघर्षाचेही एक प्रमुख केंद्र झाला. या दोन घटना एकाच भूप्रदेशात घडत असल्या तरी त्यांची चर्चा बहुधा स्वतंत्रपणे होते. पर्यटनविषयक लेखनात संघर्ष येत नाही आणि संघर्षाच्या बातम्यांत पर्यटन येत नाही. जबाबदार पर्यटनाची संकल्पना तपासावयाची असेल तर या दोन्ही बाजू एकत्र मांडणे आवश्यक ठरते.

२. धोरणात्मक पार्श्वभूमी

ताडोबा राष्ट्रीय उद्यानाची घोषणा १९५५ मध्ये झाली. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ मध्ये लगतचे अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. आज त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि २०१० मध्ये अधिसूचित झालेले बफर क्षेत्र सुमारे ११०२ चौरस किलोमीटर आहे. बफर क्षेत्रात पाऊणशेहून अधिक गावे आहेत. म्हणजे प्रकल्पाच्या एकूण विस्तारापैकी मोठा भाग माणसांच्या वस्तीचा, शेतीचा आणि चराईचा आहे, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

१ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात पर्यटनाला मध्यवर्ती स्थान नव्हते. व्याघ्रसंवर्धनाची दिशा बदलण्यास कारणीभूत ठरली ती राजस्थानातील सरिस्काची घटना. तेथील वाघ पूर्णपणे नाहीसे झाल्याचे २००४-०५ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या व्याघ्र कृती दलाने २००५ मध्ये आपला अहवाल सादर केला. वाघाचे रक्षण जंगलालगतच्या लोकांना वगळून होणार नाही आणि पर्यटनाच्या लाभात त्या लोकांचा वाटा असला पाहिजे, ही त्या अहवालाची भूमिका होती. व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेपासून पाच किलोमीटरच्या आतील हॉटेलांनी उलाढालीचा ३० टक्के भाग प्रकल्पाला द्यावा, अशी धाडसी शिफारसही त्यात होती. ती त्या स्वरूपात अमलात आली नाही.

२००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. त्याच दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद केली. पर्यटनातून मिळणारा पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता त्याच प्रकल्पासाठी आणि भोवतालच्या गावांसाठी वापरता यावा, हा त्यामागील हेतू होता. जबाबदार पर्यटनाचा आर्थिक पाया या तरतुदीत आहे.

पुढे २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबविले. प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०१२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यानंतर दुसऱ्या दिवशी ही बंदी उठली. गाभा क्षेत्राच्या कमाल २० टक्के भागातच पर्यटन, नव्या बांधकामास मनाई, वाहनसंख्येवर मर्यादा, वन्यप्राण्यापासून ठरावीक अंतर आणि पर्यटनाचा भार क्रमशः बफरकडे वळविणे ही या तत्त्वांची प्रमुख सूत्रे होत. बंदीच्या त्या अल्पकाळात एक प्रश्न प्रथमच ठळकपणे पुढे आला. पर्यटक नसतील तर वाघ अधिक सुरक्षित असतो की अधिक असुरक्षित ?

३. समर्थनाचा युक्तिवाद आणि त्याच्या मर्यादा

पर्यटनाचे समर्थक या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे देतात. पर्यटकांची वर्दळ असलेल्या भागात शिकारी फिरकत नाहीत, प्रवेशशुल्कातून संरक्षणाला पैसा मिळतो, गाईड आणि जिप्सीचालक यांच्या रूपाने स्थानिक तरुणांना रोजगार मिळतो आणि शहरी समाजात वाघाविषयी आस्था निर्माण होते, असा हा चतुर्विध युक्तिवाद आहे. आकडेवारीही प्रथमदर्शनी त्याला अनुकूल दिसते. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघ असल्याचा अंदाज होता. २०२२ च्या गणनेत तो ३६८२ वर पोहोचला. याच काळात महाराष्ट्रातील अंदाज १०३ वरून ४४४ झाला. पर्यटनाचा विस्तार आणि वाघांची वाढ एकाच कालखंडात झाल्याने दोहोंत कार्यकारणसंबंध आहे असे मानण्याचा मोह स्वाभाविक आहे.

परंतु हा संबंध इतका सरळ नाही. या वाढीत गणनेची सुधारलेली पद्धती आणि विस्तारलेले गणनाक्षेत्र यांचा काही वाटा आहे. ताडोबात गावांचे पुनर्वसन, विशेष व्याघ्र संरक्षण दल आणि पाणवठ्यांची व्यवस्था यांचाही मोठा वाटा आहे. नवेगाव आणि जामणी या गावांच्या स्थलांतरानंतर रिकाम्या झालेल्या शेतजमिनींवर कुरणे तयार झाली, तृणभक्षी प्राणी वाढले आणि त्यांच्यामागे वाघ आला. आज याच कुरणांच्या कडेला पर्यटकांची वाहने थांबतात. पर्यटकाला जे नैसर्गिक माळरान वाटते ते काल-परवापर्यंत कोणाचे तरी शेत होते, याचा उल्लेख माहितीपत्रकात क्वचितच सापडतो.

पर्यटकांच्या उपस्थितीमुळे शिकार थांबते हा युक्तिवादही सर्वत्र टिकत नाही. सरिस्का हे दिल्ली आणि जयपूर या दोन्ही शहरांहून सहज गाठता येणारे पर्यटनस्थळ होते, तरीही तेथील वाघ संपले. मध्य प्रदेशातील पन्ना येथेही पर्यटक येत होते आणि २००९ पर्यंत तेथील वाघ नाहीसे झाले. उलट मेळघाटात व्याघ्रदर्शन दुर्मीळ आणि पर्यटन तुलनेने मर्यादित असतानाही वाघ टिकून राहिला. पर्यटक दिवसा, ठरावीक रस्त्यांवर आणि ठरावीक वेळेत जंगलात असतो. शिकारी रात्री आणि रस्त्यापासून दूर असतो. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसरात शिकारी टोळीशी संबंधित संशयितांना अटक झाली. हा परिसर ताडोबाच्या सफारीमार्गांपासून बराच दूर आहे. पर्यटकाचे डोळे जेथे पोहोचत नाहीत तेथील वाघाचे रक्षण वनरक्षकाची पायी गस्त आणि गावकऱ्याची माहिती यांवरच अवलंबून असते.

याचा अर्थ समर्थनाचा युक्तिवाद खोटा आहे असा नाही. प्रवेशशुल्काचा पैसा प्रतिष्ठानकडे येतो आणि त्यातून संरक्षणाची व गावविकासाची कामे होतात. मोहर्ली, कोलारा यांसारख्या गावांत गाईड आणि वाहनचालक म्हणून तरुण स्थिरावले आहेत. गाईड म्हणून स्त्रियाही पुढे आल्या आहेत. आगरझरीसारख्या बफरमधील ठिकाणी फुलपाखरू उद्यान आणि नौकाविहार यांतून वाघाशिवायही पर्यटन उभे राहू शकते हे दिसून आले आहे. प्रश्न एवढाच की हे लाभ पर्यटनाच्या अस्तित्वातून आपोआप निर्माण झालेले नाहीत. ते विशिष्ट कायदेशीर आणि प्रशासकीय रचनेतून निर्माण झाले आहेत. रचना ढासळली की लाभही ढासळतात.

४. ‘साइटिंग’ची संस्कृती

व्याघ्रपर्यटनाच्या परिभाषेत एक शब्द आता मराठीतही रूढ झाला आहे. तो म्हणजे ‘साइटिंग’. ‘सकाळच्या फेरीत साइटिंग झाली का’ हा सफारीवरून परतलेल्या प्रत्येकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो. ‘दर्शन’ या मराठी शब्दात पाहणाऱ्याची नम्रता आणि पाहिल्या जाणाऱ्याची इच्छा दोन्ही गृहीत असतात. देवाचे दर्शन घडते, ते वसूल करता येत नाही. ‘साइटिंग’ मात्र मिळते, हुकते आणि पैसे भरूनही न मिळाल्यास तिच्याविषयी तक्रार केली जाते. शब्दातील हा बदल वृत्तीतील बदलाचा निदर्शक आहे.

मराठी साहित्यात जंगल पाहण्याची एक वेगळी परंपरा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक जंगलातील मुक्कामातून जन्मले. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील प्रदीर्घ सेवेच्या काळात पक्षी, वृक्ष, वनवासी आणि त्यांची भाषा यांचा जो वेध घेतला, त्यात वाघ हा अनेकांपैकी एक होता. या परंपरेत जंगल हे वाचावयाचे असते. त्यासाठी वेळ द्यावा लागतो, पायी चालावे लागते आणि काहीच न दिसण्याची तयारी ठेवावी लागते. सफारीची रचना या तिन्ही गोष्टींच्या विरुद्ध आहे. काही तासांची फेरी, पायउतार होण्यास मनाई आणि वाघ दिसण्याची अपेक्षा यांतून जंगल ही केवळ वाघाची पार्श्वभूमी बनते.

पायउतार होण्यास मनाई योग्यच आहे. तथापि वाघकेंद्री अपेक्षेचे परिणाम प्रत्यक्ष वाघावर होतात. सीसीएमबी या हैदराबाद येथील संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगड येथील वाघांच्या विष्ठेतील ताणसंबंधित संप्रेरकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. पर्यटनाच्या हंगामात या संप्रेरकांची पातळी वाढलेली आढळली आणि तिचा संबंध वाहनांच्या व पर्यटकांच्या संख्येशी असल्याचे दिसले. दीर्घकाळ टिकणारा ताण प्रजननावर परिणाम करू शकतो. त्यामुळे वाहनसंख्येची मर्यादा हा पर्यटकाच्या सोयीचा भाग नसून वाघाच्या आरोग्याचा प्रश्न ठरतो.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात जे घडले ते या संस्कृतीचे टोक म्हणावे लागेल. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी त्यांची वाट अडविली. या प्रसंगाच्या चित्रफिती प्रसृत झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. संबंधित गाईड आणि चालक यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. कारवाई आवश्यक होती, पण तिचे स्वरूप विचार करावयास लावणारे आहे. नियमभंगाची किंमत प्रथम त्यांनी मोजली ज्यांची उपजीविका त्या दिवसाच्या फेरीवर अवलंबून होती. वाघ जवळून दाखवावा म्हणून आग्रह धरणारा आणि वाघ दिसल्यास बक्षिसी देणारा पर्यटक सामान्यतः परतून जातो. गाईडची मिळकत व्याघ्रदर्शनाशी जोडलेली असेल तोवर त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे म्हणजे त्याला स्वतःच्या पोटाविरुद्ध उभे करणे होय. सर्वोच्च न्यायालयानेही १७ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात रात्रीच्या पर्यटनावर आणि गाभा क्षेत्रातील पर्यटन पट्ट्यातील मोबाइलच्या वापरावर निर्बंध घातले. हे निर्बंध उपयुक्त आहेत. मात्र मागणीची मुळे बक्षिसीच्या आणि जाहिरातीच्या अर्थव्यवस्थेत आहेत, आणि तेथपर्यंत हे निर्बंध पोहोचत नाहीत.

५. जोखमीचे वाटप

ताडोबातील ‘माया’ ही वाघीण देशातील सर्वाधिक छायाचित्रे घेतल्या गेलेल्या वाघिणींपैकी एक होती. २० नोव्हेंबर २०२१ रोजी अखिल भारतीय व्याघ्रगणनेच्या कामासाठी काही वनमजुरांसह पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ही वाघीण माया असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. २०२३ मध्ये माया दिसेनाशी झाली आणि पुढे तिच्या अवशेषांची जनुकीय तपासणीने ओळख पटली. तेव्हा तिच्या चाहत्यांनी मोठ्या प्रमाणावर हळहळ व्यक्त केली.

या दोन मृत्यूंची तुलना भावनिक अंगाने करण्याचे कारण नाही. वाघीण तिच्या स्वभावाप्रमाणे वागली. परंतु ज्या गणनेचा आकडा संवर्धनाचे यश म्हणून उद्धृत केला जातो, तो आकडा कोणीतरी पायी चालून गोळा केलेला असतो, हे या घटनेने अधोरेखित केले. पर्यटक जंगलात ज्या वाहनाच्या संरक्षणात असतो ते वनरक्षकाला नसते. बफरमधील गावकऱ्याला तर ते कधीच नसते.

गावकऱ्याच्या जोखमीचे स्वरूप हंगामी आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी पहाटे जंगलात जावे लागते. मे महिन्यात तेंदूपाने तोडावी लागतात. पाने तोडणारी व्यक्ती वाकलेली असते आणि तिचे लक्ष जमिनीलगतच्या झुडपांकडे असते. पावसाळ्यानंतर शेतात राखण करावी लागते आणि गुरे चारण्यासाठी झाडोऱ्यात न्यावी लागतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करण्यासाठी गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मे हाच महिना ताडोबातील व्याघ्रदर्शनासाठी सर्वोत्तम मानला जातो. पाणवठे आटलेले असतात, झाडोरा विरळ असतो आणि वाघ सहज दिसतो. एकाच महिन्यात, एकाच जिल्ह्यात, एकाच प्राण्याच्या सान्निध्यासाठी एक समाजघटक पैसे मोजतो आणि दुसरा प्राण मोजतो.

महाराष्ट्र शासन वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य देते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून २०१५ पासून बफरमधील गावांना स्वयंपाकाचा गॅस, कुंपण यांसारखी मदत दिली जाते. सरपणासाठी जंगलात जाण्याची गरज कमी होणे ही संघर्ष टाळण्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. तथापि अर्थसाहाय्य मृत्यूनंतर मिळते आणि पर्यटनाचा लाभ मृत्यूआधी दुसऱ्याच कोणाला मिळालेला असतो.

येथे भूगोलाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. २०२२ च्या गणनेनुसार ताडोबा प्रकल्पात शंभराच्या आसपास वाघ होते. जिल्ह्यातील इतर वाघ ब्रह्मपुरी, चंद्रपूर आणि अन्य वनविभागांत, म्हणजे प्रकल्पाच्या सीमेबाहेर वावरतात. सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी या तालुक्यांतील अनेक गावे सफारीच्या प्रवेशद्वारांपासून दूर आहेत. तेथे ना रिसॉर्ट आहे, ना गाईडची नोकरी. प्रकल्पातील यशस्वी प्रजननातून बाहेर पडणारा तरुण वाघ या गावांच्या शिवारात येतो, परंतु प्रवेशशुल्काचा पैसा त्याच्या पाठोपाठ येत नाही. पर्यटनाच्या लाभाचा परीघ आणि वाघाच्या वावराचा परीघ यांच्यातील ही विसंगती हा विद्यमान व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष होय.

६. पैशाचा प्रवास

पर्यटकाने खर्च केलेल्या रकमेचे ढोबळमानाने तीन भाग होतात. पहिला प्रवेशशुल्काचा, दुसरा वाहन आणि गाईड यांचा आणि तिसरा निवास-भोजनाचा. पहिला भाग प्रतिष्ठानकडे जातो व दुसरा प्रामुख्याने स्थानिकांकडे राहतो. तिसरा भाग मुख्यत्वे खासगी व्यावसायिकांकडे जातो आणि आलिशान निवासाच्या बाबतीत तो पहिल्या दोन्ही भागांहून मोठा असू शकतो. कृती कारंथ आणि रूथ डीफ्राईज यांनी भारतातील दहा संरक्षित क्षेत्रांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पर्यटकसंख्या वर्षाला सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढत असल्याचे आणि तरीही भोवतालच्या लोकसंख्येच्या अत्यल्प भागालाच त्यातून रोजगार मिळत असल्याचे दाखवून दिले होते. व्याघ्र कृती दलाची ३० टक्क्यांची शिफारस नेमकी या तिसऱ्या भागाविषयी होती, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे.

प्रतिष्ठानकडे येणारा पैसाही आपोआप सुरक्षित नसतो. २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन सफारी आरक्षणाचे काम पाहणाऱ्या एका खासगी संस्थेविरुद्ध सुमारे १२ कोटी रुपये प्रतिष्ठानकडे जमा न केल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदविला गेला. प्रकरणाचा न्यायनिर्णय हा न्यायालयाचा विषय आहे. मात्र एवढी रक्कम थकेपर्यंत तिचा सार्वजनिक हिशेब बफरमधील एकाही ग्रामसभेसमोर असण्याची व्यवस्था नव्हती, ही बाब अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. ज्यांच्या नावाने हा निधी उभारला जातो त्यांना त्याचा ताळेबंद पाहण्याचा अधिकार असता, तर तूट इतकी वाढण्याआधीच प्रश्न विचारला गेला असता.

७. दोन तुलनात्मक उदाहरणे

लाभ आणि जोखीम यांची सांगड घालण्याचे प्रयत्न अन्यत्र झाले आहेत. त्यांतील दोन प्रस्तुत विवेचनास उपयुक्त आहेत. पहिले केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पाचे. तेथे १९९० च्या दशकात परिसर-विकास कार्यक्रमांतर्गत रानदालचिनीची साल चोरून विकणाऱ्या व्यक्तींना गुन्हे मागे घेण्याच्या तडजोडीतून संघटित केले गेले. पुढे तेच पर्यटकांना जंगलात पायी नेणारे मार्गदर्शक आणि त्याच वेळी गस्त घालणारे रक्षक झाले. येथे पर्यटन आणि संरक्षण ही दोन कामे एकाच माणसाकडे आली. पर्यटकाला वाघ दिसला नाही तरी त्या दिवशीची गस्त पूर्ण झालेली असते.

दुसरे उदाहरण केनियातील मासाई मारा परिसराचे. तेथे मासाई पशुपालकांनी आपल्या मालकीच्या जमिनी एकत्र करून संवर्धनक्षेत्रे निर्माण केली. पर्यटन व्यावसायिक या जमिनींसाठी कुटुंबांना नियमित भाडे देतात आणि त्या बदल्यात तंबूंची व वाहनांची संख्या मर्यादित ठेवली जाते. सिंह दिसो वा न दिसो, भाडे ठरलेले असते. पशुधन मारणाऱ्या सिंहाविषयी मासाईंची सहनशीलता टिकण्यास या स्थिर उत्पन्नाची मदत झाली. २०२० मध्ये महामारीमुळे पर्यटन थांबले तेव्हा मात्र भाडे देणे कठीण झाले आणि या व्यवस्थेची दुर्बलता उघड झाली. केवळ पर्यटनावर उभे राहिलेले संवर्धन पर्यटकाच्या अनुपस्थितीत कोसळू शकते.

दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच आहे. मालकी, निर्णय किंवा नियमित उत्पन्न यांपैकी काहीतरी ठोस स्थानिकांच्या हाती आले तेव्हाच पर्यटन संवर्धनाला साहाय्यभूत ठरले. आणि पर्यटन हा एकमेव आधार असू नये. चंद्रपूर जिल्ह्यातच याचा एक निराळा पुरावा आहे. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून उत्पन्न मिळू लागल्यावर, जंगलाला हानी पोहोचते म्हणून तेंदूपाने तोडणे थांबविण्याचा निर्णय त्या गावाने स्वतः घेतला. हा निर्णय कोणत्याही पर्यटकासाठी घेतलेला नव्हता. अधिकार हाती आला की संयमही हाती येतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

८. जबाबदारीचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे जबाबदार व्याघ्रपर्यटनाचे काही निकष सुचविता येतात. पहिला निकष हिशेबाचा. प्रतिष्ठानच्या उत्पन्नाचा आणि खर्चाचा वार्षिक ताळेबंद मराठीतून बफरमधील प्रत्येक ग्रामसभेसमोर ठेवला जावा. दुसरा निकष परिघाचा. प्रवेशशुल्काचा ठरावीक भाग प्रकल्पाबाहेरील परंतु वाघाचा वावर असलेल्या गावांसाठी राखून ठेवला जावा आणि तेंदूपाने-मोहफुलांच्या हंगामात तेथील सोबतीच्या गस्तीसाठी वापरला जावा. तिसरा निकष गाईडच्या वेतनाचा. त्याची मिळकत बक्षिसीवर न ठेवता निश्चित असावी आणि नियम पाळल्याबद्दल त्याला संरक्षण मिळावे. चौथा निकष खासगी निवासव्यवस्थेच्या योगदानाचा. ३० टक्क्यांची शिफारस अव्यवहार्य वाटत असेल तर व्यवहार्य टक्का कोणता, याची चर्चा तरी पुन्हा सुरू व्हावी.

या निकषांवर आक्षेप घेतला जाईल की त्यामुळे सफारी महाग होईल. तसे होणे संभवते. परंतु आज ती स्वस्त आहे याचे एक कारण असे की तिच्या खर्चाचा काही भाग सिंदेवाहीसारख्या तालुक्यांतील कुटुंबे भरत आहेत. दुसरा आक्षेप असा की सामान्य मराठी विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला जंगल दुरावेल. त्यावर उपाय दर कमी ठेवण्यात नाही. तो वाघकेंद्री फेरीऐवजी बफरमधील पायवाटा, पक्षिनिरीक्षण आणि गावमुक्काम यांसारख्या स्वस्त व शांत पर्यायांत आहे. महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींनी या पर्यायांकडे वळणे हे तुलनेने सोपे आणि तत्काळ शक्य असलेले पाऊल ठरेल.

९. समारोप

पर्यटनामुळे वाघ वाचतो किंवा पर्यटनामुळे वाघ संपतो, ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. वाघ वाचतो तो त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने त्याला जगू दिल्यामुळे. पर्यटनाने त्या माणसाचे जगणे थोडे सुरक्षित आणि थोडे सन्मानाचे केले तर ते संवर्धनास साहाय्यभूत होते, अन्यथा ते वाघाच्या नावावर चालणारा एक व्यवसाय राहते.

मराठी लोकभाषेने या संबंधाचा निवाडा फार पूर्वी केला आहे. तिने वाघाला ‘वाघोबा’ म्हटले आणि वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारूचा ‘ताडोबा’ झाला. आदराचा तोच प्रत्यय तिने दोघांनाही दिला. आजच्या पर्यटनव्यवस्थेत यांतील एकाचाच आदर शिल्लक आहे. दुसऱ्याला तो पुन्हा मिळवून देणे हीच जबाबदार पर्यटनाची खरी कसोटी होय.